एकच लेझरजेट, चार लिनक्स संगणक: कुठे प्रिंटर दिसत नाही, कुठे पान निघत नाही

शाईदौत

वाचनालयातली मांडणी अशी आहे:

काउंटरवरचा संगणक, डेबियन १२, नाव 'काउंटर', पत्ता १९२.१६८.१.२०. त्याला यूएसबीने एचपी लेझरजेट १०२० जोडलाय. क्यूचं (छापायच्या कामांच्या रांगेचं) नाव 'हॉल'. या संगणकावरून पानं व्यवस्थित निघतात.

संगणक अ: लिनक्स मिंट, वायफायवर. यादीत प्रिंटर दिसतच नाही. काउंटरला पिंग मात्र जातो.

संगणक ब: लिनक्स मिंट, केबलवर. प्रिंटर दिसतो, पण जॉब (छापायला पाठवलेलं काम) 'प्रोसेसिंग' वर अडकून राहतो.

संगणक क: फेडोरा, केबलवर. जॉब 'कम्प्लीटेड' होतो, पण कागद हलत नाही.

काउंटरवर हे केलंय:

सुडो कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स
सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी हॉल -ओ प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू

एका सदस्याचं म्हणणं, सांबा (विंडोजशी फाइली आणि प्रिंटर वाटून घ्यायचा कार्यक्रम) टाका म्हणजे सगळं मार्गी लागेल. टाकू का?

---

जुना_कर्नल

सांबा नको. विंडोजवाली मंडळी याच प्रिंटरवर छापणार असती तर त्याचा विचार केला असता. लिनक्स ते लिनक्स कप्स (लिनक्सवरची छपाई सांभाळणारी सेवा) आयपीपीनेच (नेटवर्कवरून छापायच्या ठरलेल्या पद्धतीने) बोलतं, मध्ये सांबा घातलंत तर बिघडायला आणखी एक जागा तयार होते.

तुमचे तीन संगणक तीन वेगवेगळ्या कारणांनी अडलेत असं लक्षणांवरून दिसतंय. तेव्हा 'छपाई होत नाही' असं एका वाक्यात धरू नका. जॉबचा रस्ता चार टप्प्यांचा असतो: सर्व्हर बाहेरच्यांचं ऐकतोय का, त्याच्यापर्यंत नेटवर्कने पोचता येतं का, प्रिंटरचं नाव सापडतं आणि सुटतं का, आणि शेवटी पाठवलेला मजकूर प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत आहे का. प्रिंटर यादीत दिसणं ही फक्त तिसऱ्या टप्प्यातली अर्धी गोष्ट आहे. न दिसणारा प्रिंटर उत्तम छापू शकतो आणि दिसणारा अजिबात छापत नाही, दोन्ही होतं.

आधी काउंटरवर हे चालवा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन लहान अक्षरांत टंका. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगेन.)

सुडो एसएस -टीएलएन | ग्रेप ६३१
कप्ससीटीएल
एलपीऑप्शन्स -पी हॉल

६३१ हे कप्सचं पोर्ट, म्हणजे आत यायचं दार. पहिल्यात १२७.०.०.१:६३१ एवढंच आलं तर कप्स फक्त स्वतःशी बोलतंय. ०.०.०.०:६३१ यायला हवं. दुसऱ्यात _शेअर_प्रिंटर्स=१ आणि तिसऱ्यात प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू शोधा. या दोन वेगळ्या कळा आहेत: पहिली संपूर्ण सर्व्हरची, दुसरी त्या एका क्यूची. एक चालू आणि दुसरी बंद असली की माणूस दिवसभर चाचपडतो.

मग अ, ब, क तिघांवरून:

एनसी -झेडव्ही १९२.१६८.१.२० ६३१
आयपी -४ अ‍ॅड्रेस

सगळं जसंच्या तसं इथे चिकटवा.

---

शाईदौत

काउंटरवर ०.०.०.०:६३१ आणि [::]:६३१ दोन्ही आले. शेअर १, शेअर्ड ट्रू.

एनसी तिन्हीकडून 'सक्सीडेड'.

पत्ते: अ चा १९२.१६८.०.१०४, ब चा १९२.१६८.१.३३, क चा १९२.१६८.१.३४.

---

बिनतारी

अ चा गुन्हेगार सापडला. बाकीचे १.x मध्ये आहेत आणि हा ०.x मध्ये. म्हणजे हॉलमध्ये रेंज मिळावी म्हणून कुणीतरी दुसरा राउटर लावलाय आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात खुपसलीय. बरोबर ना?

अशा वेळी दुसरा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क काढतो आणि त्यातल्या सगळ्यांना नॅटमागे (स्वतःच्या एकाच पत्त्याआड) ठेवतो. आतून बाहेर जाणारी जोडणी चालते, म्हणून पिंगही जातो आणि ६३१ सुद्धा उघडं दिसतं. पण प्रिंटरची दवंडी एमडीएनएसने (स्थानिक नेटवर्कवर नावं कळवायच्या पद्धतीने) पिटली जाते: यूडीपी ५३५३, मल्टिकास्ट पत्ता २२४.०.०.२५१. ही दवंडी त्या नेटवर्कपुरतीच असते, राउटर ती ओलांडू देत नाही. म्हणून यादी रिकामी.

उपाय दोन. बरा उपाय हा:

दुसऱ्या राउटरचं डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटायचं काम) बंद करा. त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा काहीतरी द्या, मुख्य राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा. मग केबल वॅनमधून काढून लॅनच्या कुठल्याही पोर्टात लावा. 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असं बटण असेल तर ते हेच सगळं करतं. क्रम पाळा. केबल आधी हलवली तर एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी होतात आणि मग कुणाला कुठला पत्ता मिळेल याचा नेम नाही.

राउटरला हात लावायची परवानगी नसेल तर अ वर पत्ता हाताने द्या:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी हॉल -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.२०:६३१/प्रिंटर्स/हॉल -एम एव्हरीव्हेअर

यातली 'ई' कॅपिटल, आणि ती '-पी हॉल' च्या नंतरच. नंतर लिहिली तर अर्थ 'क्यू सुरू कर आणि जॉब घे'. आधी लिहिली तर अर्थ 'जोडणी एन्क्रिप्ट कर', आणि क्यू थांबलेलीच राहते. ही आज्ञा देताना काउंटर चालू हवा, कारण 'एव्हरीव्हेअर' मध्ये प्रिंटरची माहिती थेट त्याच्याकडून विचारून घेतली जाते.

आणि पाहुण्यांसाठीचं 'गेस्ट' वायफाय असेल तर तिथे हे दोन्ही चालणार नाही. त्यात संगणकांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत, ते त्याचं कामच आहे.

---

जुना_कर्नल

बिनतारींना दुजोरा. दुसऱ्या उपायात एक गंमत आहे. काउंटरला अ चा खरा पत्ता दिसणार नाही, दुसऱ्या राउटरचा १.x मधला पत्ता दिसेल. कप्सच्या नियमात 'अलाउ @लोकल' (जवळच्या नेटवर्कवरच्यांना परवानगी) असतं, त्यात तो बसतो, म्हणून काम होतं. हेच व्हीपीएनवरून केलंत तर बहुधा ४०३ फॉरबिडन येईल. @लोकल मध्ये पॉइंट-टू-पॉइंट जोडण्या मोजल्या जात नाहीत. तिथे कप्सडी डॉट कॉन्फमध्ये (कप्सच्या सेटिंगच्या फाइलीत) त्या पत्त्यांची रेंज वेगळी लिहावी लागते.

शाईदौत यांचं एनसी तिन्हीकडून पास झालं, पण ज्यांचं होणार नाही त्यांच्यासाठी उत्तर कसं वाचायचं ते लिहून ठेवतो. यात निम्मं निदान असतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड': संगणक जागेवर आहे, पण ६३१ वर बाहेरून ऐकणारं कुणी नाही. कप्सडी डॉट कॉन्फमध्ये 'लिसन लोकलहोस्ट:६३१' राहिलंय, त्याजागी 'पोर्ट ६३१' करा.

नुसतंच थांबून 'टाइम्ड आउट': पाकीट गिळलं जातंय. उबंटू आणि मिंटवर यूएफडब्ल्यू (फायरवॉल) चालू केलेलं असलं की असं दिसतं.

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ६३१ प्रोटो टीसीपी

पिंग जातोय आणि तरी 'नो रूट टू होस्ट': रस्त्याला दोष देऊ नका. हे फायरवॉलडीचं नकार देण्याचं ढंग आहे, फेडोरात हमखास दिसतं.

सुडो फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --अ‍ॅड-सर्व्हिस=आयपीपी
सुडो फायरवॉल-सीएमडी --रीलोड

फेडोरा वर्कस्टेशनवर यातून एक फसवं चित्र तयार होतं. त्याच्या नेहमीच्या झोनमध्ये १०२५ पासून वरची सगळी पोर्टं उघडी असतात. ५३५३ त्यात बसतं, ६३१ बसत नाही. म्हणजे फेडोराला सर्व्हर केलं की प्रिंटर सगळ्यांच्या यादीत झळकतो आणि छापताना मात्र कुणालाच आत घेत नाही. तुमच्याकडे फेडोरा क्लायंट (सर्व्हरकडे छापायला पाठवणारा) आहे, त्यामुळे हा त्रास नाही.

---

चकलीचोर

ब कडे येऊ. दिसतो पण अडकतो, ६३१ उघडं आहे, मग संशय नावावर. यादीतून निवडलेल्या प्रिंटरचा पत्ता आकड्यांत नसतो, 'काउंटर.लोकल' अशा नावाने असतो. ब वर बघा:

एलपीस्टॅट -व्ही
अवाही-रिझॉल्व्ह -एन काउंटर.लोकल
गेटएंट होस्ट्स काउंटर.लोकल

अवाही-रिझॉल्व्ह नसेल तर अवाही-यूटिल्स पॅकेज टाका. दुसरी आणि तिसरी आज्ञा एकच प्रश्न विचारतात, पण वेगवेगळ्या दारी. अवाही (एमडीएनएसचं काम करणारा कार्यक्रम) स्वतः नेटवर्कवर हाक मारून विचारतो, गेटएंट मात्र इतर कार्यक्रम नाव सोडवतात त्या वाटेने जातो. कप्सची वाट गेटएंटचीच.

---

शाईदौत

एलपीस्टॅटमध्ये आयपीपी://काउंटर.लोकल:६३१/प्रिंटर्स/हॉल दिसतंय.

अवाही-रिझॉल्व्ह: १९२.१६८.१.२०, लगेच.
गेटएंट: काहीच नाही, रिकामी ओळ.

कप्सच्या लॉगमध्ये 'अनेबल टू लोकेट प्रिंटर "काउंटर.लोकल"' वारंवार.

---

चकलीचोर

मग ईटीसीतली एनएसस्विच डॉट कॉन्फ उघडा आणि 'होस्ट्स' ची ओळ बघा. पैज लावतो, 'फाइल्स डीएनएस' एवढंच असेल. कुणीतरी इंटरनेटवरचा नुस्खा वाचून ती ओळ छाटलीय, कारण मिंट ती तशी देत नाही. हवं ते असं:

होस्ट्स: फाइल्स एमडीएनएस४_मिनिमल [नॉटफाउंड=रिटर्न] डीएनएस

क्रम महत्त्वाचा. एमडीएनएस४_मिनिमल हे डीएनएसच्या आधीच हवं. नाहीतर '.लोकल' चा प्रश्न आधी इंटरनेट कंपनीच्या डीएनएसकडे जातो आणि तो 'असं काही नाही' म्हणून मोकळा होतो. चौकोनी कंसातला भाग उलट बाजू सांभाळतो: '.लोकल' नाव एमडीएनएसला सापडलं नाही तर तिथेच थांब, बाहेर विचारू नकोस.

ही ओळ असूनही गेटएंट रिकामं आलं तर लिबएनएसएस-एमडीएनएस पॅकेजच नसेल. ते टाका. मग अडकलेला जॉब काढून क्यू पुन्हा चालू करा:

कॅन्सल -ए हॉल
सुडो कप्सएनेबल हॉल

अजून एक. डिस्कची प्रत काढून दोन संगणक तयार केलेत का? दोघांचं नाव 'काउंटर' असेल तर उशिरा उठणाऱ्याला अवाही 'काउंटर-२.लोकल' करून टाकतो. कोण आधी चालू झालं यावर रोज नाव बदलतं. आज चालतंय, उद्या नाही, अशी तक्रार असली की आधी होस्टनेमसीटीएल सगळीकडे चालवून बघावं.

---

शाईदौत

'फाइल्स डीएनएस' च होतं! बदललं, ब वरून पानं निघाली. अ साठी दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट केला, प्रिंटर आपोआप यादीत आला. क अजून तसाच. कम्प्लीटेड म्हणतो आणि कागद ढिम्म.

---

कागदअडकला

क वर: एलपीऑप्शन्स -पी हॉल. त्यातलं 'प्रिंटर-मेक-अँड-मॉडेल' सांगा.

---

शाईदौत

'जेनेरिक पीसीएल ५ई प्रिंटर'.

---

कागदअडकला

झालं तर. प्रिंटर जोडताना यादीत १०२० सापडला नाही म्हणून कुणीतरी 'लेझरजेट आहे म्हणजे पीसीएल चालेल' असा अंदाज बांधला. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषा. १०२० ला पीसीएल कळत नाही आणि पोस्टस्क्रिप्टही कळत नाही. तो होस्ट-बेस्ड प्रिंटर आहे, पानाचं चित्र संगणकाने तयार करून झेडजेस्ट्रीम नावाच्या स्वरूपात त्याला भरवायचं असतं.

तुमच्याकडे काय होतंय ते बघा. क स्वतः पानाचं पीसीएल करतो आणि काउंटरकडे देतो. काउंटरला वाटतं, हे आधीच प्रिंटरच्या भाषेत शिजलेलं आहे, आपण हात लावायचा नाही. तो जसंच्या तसं यूएसबीवर ढकलतो. प्रिंटर ते न समजून टाकून देतो. काउंटरच्या लेखी सगळे बाइट गेले, म्हणून 'कम्प्लीटेड'. या शब्दाचा अर्थ 'मी पाठवलं' एवढाच असतो, 'पान पडलं' असा नाही.

खात्री करायची असेल तर काउंटरवर:

कप्ससीटीएल --डीबग-लॉगिंग

मग क वरून एक पान सोडा आणि व्हार/लॉग/कप्स मधल्या एरर_लॉगमध्ये त्या जॉबचा 'रिक्वेस्ट फाइल टाइप इज' शोधा. तिथे व्हीएनडी.कप्स-रॉ किंवा ऑक्टेट-स्ट्रीम दिसलं की समजायचं, सर्व्हरने काहीही रूपांतर केलेलं नाही. पीडीएफ किंवा रास्टर दिसायला हवं. बघून झालं की --नो-डीबग-लॉगिंग करून बंद करा, नाहीतर लॉग भराभर फुगतो.

दुरुस्ती क वर:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -एक्स हॉल

ही क्यू पुसते. मग बिनतारींनी वर दिलेली '-एम एव्हरीव्हेअर' वाली ओळ जशीच्या तशी.

ड्रायव्हर एकाच जागी असावा, ज्या संगणकाला वायर लागलीय तिथे. बाकीच्यांनी साधं पीडीएफ पाठवायचं. क्लायंटवर एचपीलिप (एचपीच्या प्रिंटरांचं लिनक्ससाठीचं ड्रायव्हर पॅकेज) टाकून एचपी-सेटअप चालवायचा मोह होतो, तो आवरा. दोन्हीकडे ड्रायव्हर बसवला आणि दोन्हीकडची आवृत्ती जुळली तर कधीकधी चालून जातं, आणि पुढच्या अपडेटला बंद पडतं.

पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट कळणाऱ्या मोठ्या प्रिंटरवर हीच चूक वेगळी दिसते. पानामागून पान निघतं, प्रत्येकावर वर दोनतीन ओळी विचित्र चिन्हं. पहिल्या पानावर '%!पीएस-अ‍ॅडोबी' असं छापून आलं तर पोस्टस्क्रिप्टचा मजकूर साधा मजकूर म्हणून छापला जातोय. तेव्हा आधी कागदाचा ट्रे ओढून बाहेर काढा, मग कॅन्सल करा. उलट क्रमाने केलं तर अर्धं रीम जातं.

---

शाईदौत

क सुद्धा चालू. तिन्ही संगणकांवरून छपाई होतेय, मनापासून आभार सगळ्यांचे.

पण आता नवीनच. दुपारी वीज गेली, आली, आणि आता काउंटरवरूनसुद्धा छपाई होत नाही. प्रिंटरचा दिवा नेहमीसारखा. जॉब येतात आणि गायब.

---

कागदअडकला

१०२० चा स्वभावच तो आहे. त्याचं फर्मवेअर (प्रिंटरला आतून चालवणारा कार्यक्रम) त्याच्या आत कायमचं राहत नाही. दर वेळी चालू केला की संगणकाकडून फर्मवेअर भरून घ्यावं लागतं, तोवर तो मुका. १०१८, पी१००७, पी१००८ हे त्याचेच भाऊ, त्यांनाही तेच.

हे काम एचपीलिपचा बायनरी प्लगइन करतो. तो डेबियनच्या पॅकेजमध्ये येत नाही, वेगळा उतरवावा लागतो, आणि त्याची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. सिस्टम अपडेटमध्ये एचपीलिप पुढे सरकलं आणि प्लगइन मागे राहिला की लगेच काही कळत नाही, कारण प्रिंटर बंदच झालेला नसतो आणि आधी भरलेलं फर्मवेअर त्यात असतंच. वीज जाऊन आली की बिंग फुटतं. मग माणूस विजेला बोल लावतो.

काउंटरवर हा क्रम:

एचपी-चेक -आर
एचपी-प्लगइन -आय
एचपी-फर्मवेअर

पहिलीने एचपीलिपची आवृत्ती आणि प्लगइनची अवस्था कळेल. दुसरी जुळणारा प्लगइन उतरवते, तेव्हा इंटरनेट लागतं. तिसरी फर्मवेअर प्रिंटरमध्ये भरते. भरलं गेलं की प्रिंटर आतून जरा घरघरतो, तो आवाज ऐकू आला की काम झालं.

फू२झेडजेएस नावाचा दुसरा ड्रायव्हरही याच प्रिंटरसाठी आहे. तो आणि एचपीलिप दोन्ही एकाच संगणकावर ठेवू नका, दोघेही प्रिंटर चालू झाला की फर्मवेअर भरायला धावतात.

विजेवरून आठवलं: प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. लेझरचा फ्यूजर (शाईची पूड कागदावर वितळवणारा भाग) तापताना एकदम मोठा करंट ओढतो, ६०० व्हीएचा यूपीएस त्याला पुरत नाही. यूपीएसवर संगणक आणि राउटर, प्रिंटर थेट भिंतीवर.

---

बिनतारी

वीज गेल्यावरचं आणखी एक. राउटर पुन्हा चालू झाला की काउंटरला दुसराच पत्ता देऊ शकतो. मग आकड्यांनी जोडलेले संगणक वाऱ्यावर. राउटरच्या डीएचसीपीमध्ये काउंटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १९२.१६८.१.२० शी बांधून टाका.

आणि डेबियनवर ग्नोम डेस्कटॉप असेल तर कुणी हात लावला नाही की संगणक २० मिनिटांनी झोपतो. लॉगिनच्या पडद्यावरही झोपतो, कारण त्या पडद्याची सेटिंग वेगळी असते, तुमच्या खात्यात बदलून उपयोग नाही. झोपलेला संगणक प्रिंटर कसला वाटणार?

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

---

तिठ्यावरचा

एवढी यातायात कशाला? प्रत्येक क्लायंटवर ईटीसी/कप्स मध्ये क्लायंट डॉट कॉन्फ फाइल करा, त्यात एकच ओळ: 'सर्व्हरनेम १९२.१६८.१.२०'. क्यू नको, अवाही नको, एमडीएनएस नको. क्लायंटवर कप्सची सेवासुद्धा चालू लागत नाही.

---

जुना_कर्नल

तिठ्यावरचा, चालतं ते, आणि सगळे टेबलावरचे संगणक कायम एकाच खोलीत असतील तर झकास चालतं. पण तोटा सांगायला हवा. ती ओळ लिहिली की त्या संगणकाचं छपाईचं सगळंच काउंटरकडे जातं. क्लायंटला स्वतःचा दुसरा प्रिंटर असेल तर तो यादीतून नाहीसा होतो. काउंटर बंद असला की कुठल्याही कार्यक्रमात छपाईची खिडकी उघडताना संगणक अडखळतो, कारण तो सर्व्हरची वाट बघत बसतो. जॉबही क्लायंटवर थांबत नाही, तिथेच नापास होतो. क्यू असेल तर तो थांबून राहतो आणि काउंटर उठला की जातो. लॅपटॉपवर तर ही ओळ अजिबात नको.

---

तिठ्यावरचा

लॅपटॉपचं मान्य. वाचनालयात लॅपटॉप नाहीत असं समजून लिहिलं होतं.

---

चकलीचोर

सुरक्षेचं कुणीच काढलं नाही म्हणून. चारही संगणकांवर बघा:

सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स-ब्राउझ्ड

चालू असेल तर बंद केलेलं बरं:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउझ्ड

सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली यांनी यातल्या त्रुटी जाहीर केल्या, त्यातली मुख्य सीव्हीई-२०२४-४७१७६. ही सेवा यूडीपी ६३१ वर कुणाचंही पाकीट विश्वासाने घ्यायची आणि त्यात सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती आणायची. बाकीच्या त्रुटी जोडीला आल्या की खोटा प्रिंटर उभा करून, त्यावर कुणी छापलं की संगणकावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. दुरुस्त्या आल्यात, पण त्या यूडीपीवरच्या जुन्या ब्राउझिंगची गरजच उरलेली नाही. २०१२ च्या कप्स १.६ नेच ते सोडून एमडीएनएस धरलं.

बंद केल्यावर आपोआप बनलेल्या काही क्यू जातील. ज्यांच्या पत्त्यात 'इंप्लिसिटक्लास' लिहिलेलं असतं त्या. घाबरू नका. एलपीस्टॅट -ई केलं की नेटवर्कवरचे प्रिंटर तरीही दिसतील, छापताना कप्स तात्पुरती क्यू स्वतःच बनवतं.

आणि राउटरवर ६३१ चं पोर्ट फॉरवर्डिंग 'घरून छापता यावं' म्हणून कुणी केलं असेल तर ते आजच काढा.

---

शाईदौत

प्लगइनची आवृत्ती खरंच मागे होती. एचपी-प्लगइन चालवलं, घरघर ऐकू आली, पानं सुरू. कप्स-ब्राउझ्ड सगळीकडे बंद केलं.

शेवटचे दोन प्रश्न. एक: ब वरून मराठी पावत्यांची साधी टेक्स्ट फाइल एलपी आज्ञेने पाठवली तर जोडाक्षरं फुटतात आणि काही ठिकाणी चौकोन येतात. दोन: क वरून आलेल्या पानाचा खालचा भाग कापला जातो.

---

कागदअडकला

दुसरा आधी, तो सोपा. क वर कागद 'लेटर' ठरलाय. लेटर २१६ × २७९ मिमी, ए४ २१० × २९७. म्हणजे उंचीत १८ मिमी गेले. क वर:

एलपीऑप्शन्स -पी हॉल -ओ मीडिया=ए४

हे त्या एका वापरकर्त्यापुरतं, त्याच्या होममधल्या .कप्स/एलपीऑप्शन्स मध्ये लिहिलं जातं. सुडो लावून दिलं तर सगळ्यांसाठी. पण वापरकर्त्याची फाइल वरचढ ठरते, त्यामुळे सुडो लावूनही फरक पडला नाही तर होममधली जुनी फाइल बघा. लीगलवर छापायचं असेल तेव्हा तेवढ्यापुरतं: एलपी -डी हॉल -ओ मीडिया=लीगल.

---

जुना_कर्नल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: साध्या टेक्स्टचं पान करायचं काम कप्सचं टेक्स्टटूपीडीएफ फिल्टर करतं. ते एकेक अक्षर चौकटीत ठेवत जातं, जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवायची त्याची रचनाच नाही. फॉन्ट बदलून चौकोन जातील, 'क्ष' मात्र फुटलेलाच राहील. देवनागरी टेक्स्ट फाइल थेट एलपीला देऊच नका. आधी पीडीएफ करा:

लिब्रेऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ पावती.टीएक्सटी
एलपी -डी हॉल पावती.पीडीएफ

बाहेरून आलेल्या पीडीएफमध्ये असाच घोळ दिसला तर:

पीडीएफफॉन्ट्स फाइल.पीडीएफ

'ईएमबी' च्या रकान्यात प्रत्येक फॉन्टपुढे 'येस' हवं. 'नो' असेल तर तो फॉन्ट फाइलमध्ये नाहीच. पडद्यावर तुमच्या संगणकातला फॉन्ट वापरून मजकूर नीट दिसतो, पान मात्र काउंटरवर तयार होतं आणि काउंटर त्याच्याकडे असेल तो फॉन्ट लावतो. काउंटरवर फॉन्ट्स-नोटो-कोर टाकून ठेवलं तर युनिकोड मजकुराचं बरंचसं भागतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइलींना मात्र तोच फॉन्ट लागतो. त्या पाठवणाऱ्यालाच फॉन्ट एम्बेड करून पुन्हा पीडीएफ करायला सांगा.

---

तिठ्यावरचा

जाता जाता विचारतो, आमच्याकडे कॅनॉन एलबीपी २९०० आहे. त्याच पद्धतीने वाटता येईल का?

---

कागदअडकला

वाटण्याचा भाग अगदी तोच, तो प्रिंटरवर अवलंबून नाही. अवघड आहे ते पहिल्या संगणकावर त्याला चालवणं. त्याची भाषा सीएपीटी. कॅनॉनच्या ड्रायव्हरसोबत सीसीपीडी नावाची वेगळी सेवा येते, ती कप्स आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसते आणि तिला ३२-बिट लायब्ररी लागतात. सर्व्हरवर आधी एक पान काढून दाखवा, संगणक बंद करून चालू केल्यावर पुन्हा काढा. सीसीपीडी आपोआप उठली नाही असं तिथेच कळतं. ते जमलं की क्लायंटवर '-एम एव्हरीव्हेअर', आणि कॅनॉनचं काहीही क्लायंटवर टाकायचं नाही. सर्व्हरवर अडलं तर नवीन धागा काढा, वितरणाचं नाव, आवृत्ती आणि एलपीइन्फो -व्ही चं उत्तर आधीच द्या.